सावली एकट्या आईने किती धरायची?

(शहादा तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडावर झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून ते येथे देत आहोत.)



शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘उन्हाळा आणि मुलांचे आरोग्य’ असा विषय लिहिला आहे. त्यावर बोलेनच. पण आज मला सगळ्या मुलांबद्दल एकदम बोलायचे नाही. ज्या मुलांबद्दल आपल्या बैठकांत कधीच कोणी बोलत नाही, त्यांच्याबद्दल बोलायचे आहे. तुमच्यापैकी काहीजणींनी आपल्या पाड्यावर, नाहीतर नातेवाईकांत असे मूल पाहिले असेल. आईबाप सावळे, भावंडे सावळी, आणि हे एक मूल जन्मतःच पांढरेफटक. केस पिवळसर, पापण्यासुद्धा पिवळ्या. उजेडात आणले की डोळे मिटून घेते, बुबुळे सारखी हलत राहतात. गावात त्याला ‘भुऱ्या’ म्हणतात, मुलगी असेल तर ‘भुरी’. कोणी ‘साहेब’ म्हणून हसतात. त्याचे खरे नाव फक्त आईच घेते.

डॉक्टर याला ‘अल्बिनिझम’ म्हणतात. आपण साध्या शब्दांत जन्मजात रंगद्रव्य नसणे म्हणू. हे कोड नव्हे. कोड नंतर येते आणि डागाडागांनी येते. हे जन्मापासून सगळ्या अंगाला असते. हा स्पर्शाने पसरणारा आजार नाही. त्या मुलाच्या ताटात जेवल्याने कोणाला काही होत नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या पुढे जातो. हे ऊन आपल्या सगळ्यांना भाजते, पण या मुलांना ते वेगळ्याच तऱ्हेने भाजते. त्यांच्या आयांना तर ऊन आणि लोकांची बोलणी, दोन्ही सोसावी लागतात. म्हणून हा विषय नुसत्या आरोग्याचा नाही. तो बाईच्या प्रश्नाचा आहे, असे मी म्हणते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी कुपोषणाच्या कामासाठी गेले होते. मे महिना होता. एका घरात अंधाऱ्या कोपऱ्यात तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा बसलेला दिसला. गालावर आणि कानाच्या पाळ्यांवर फोड येऊन गेल्याच्या खुणा होत्या. आई बोलायला तयार नव्हती, सासूच बोलली. “हे आमच्या घरातलं नाही,” म्हणाली. नवरा-बायको दोघे गुजरातमध्ये ऊसतोडीला जात. तिथेच दिवस राहिले. मुलगा असा जन्मला, आणि घरच्यांनी निकाल लावला की हे मुकादमाचे पोर. नवऱ्याने मारले. भगताने कोंबडी मागितली, मग बकरा मागितला. पुढच्या हंगामात नवरा एकटाच कोयत्यावर गेला, आणि हिला घरात फक्त राहू दिले. ‘राहू दिले’ हा शब्द सासूचा आहे.

मी एम. एस. डब्ल्यू. केलेली. मला अल्बिनिझम माहीत होता. मी आईला समजावले, यात तुझा दोष नाही. आणि पुस्तकात होता तसा सल्ला दिला: मुलाला उन्हात नेऊ नकोस, बाहेर काढायचेच असेल तर अंग पूर्ण झाक. सल्ला दिला, वहीत टिपण केले आणि निघून आले. आपण चांगले काम केले असेच मला वाटत होते.

पुढच्या मार्चमध्ये ती मला नंदुरबारला भेटली. मिरचीच्या पथारीवर मजुरीला आली होती. तुम्हाला माहीत आहे, पथारी म्हणजे उघड्या माळावर लाल मिरची वाळत घातलेली, आणि मिरच्या निवडायला, देठ खुडायला बायका दिवसभर बसलेल्या. सावली म्हणून काही नाही. तिने मुलाला नायलॉनच्या जुन्या साडीत आणि वर जाड शालीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून शेजारी बसवले होते. दुपारी पोर एका बाजूला कलंडले. अंग तव्यासारखे तापलेले, घाम नाही, शुद्ध नाही. बायकांनी अंगावर पाणी ओतले, रिक्षातून दवाखान्यात नेले. पोर वाचले.

संध्याकाळी ती मला म्हणाली, “ताई, तू सांगितलं तसंच केलं. अंग झाकलं. घरात ठेवलं तर सासू बघत नाही. कामावर आणलं तर असं होतं. आता तूच सांग, याला घेऊन मी कुठे बसू?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिला सगळे सांगितले होते आणि तिच्या हातात काहीच दिले नव्हते. सावली कुठून आणायची, हे मी तिच्या एकटीवर टाकून आले होते. तिच्या घरच्यांनी दोष तिच्यावर टाकला, आणि मी उपाय तिच्यावर टाकला. दोन्ही वेळी ओझे तिच्याच डोक्यावर आले. तेव्हापासून मी या विषयावर नुसता सल्ला द्यायचे बंद केले. आज जे सांगणार आहे, ते त्या प्रश्नानंतर शिकलेले आहे.

आधी दोषाचे बोलू, कारण दोष दूर झाल्याशिवाय सावली मिळत नाही.

आपल्या कातडीत, केसांत, डोळ्यांत एक रंगद्रव्य असते. ते तयार करण्याचा हुकूम मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक असा मिळतो. दोन्हींतला एक जरी चांगला असला तरी मूल नेहमीसारखे सावळे होते. दोन्ही बिघडलेले मिळाले तरच रंगद्रव्य तयार होत नाही. म्हणजे कातडी, केस आणि डोळे तिन्हींचा रंग जातो, त्या प्रकारात बापाकडूनही तो आलेलाच असतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता असते. पहिली तीन मुले सावळी आणि चौथे भुरे, असे होऊ शकते. पहिलेच भुरे, असेही होऊ शकते. रक्ताच्या नात्यात लग्ने झाली तर शक्यता वाढते, पण अनोळखी घराण्यांतही हे होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जे मूल पाहून लोक म्हणतात ‘हे बापाचे नाही’, त्या मुलाचा रंगच सांगतो की आईकडून आले तसेच बापाकडूनही आले. गोऱ्या माणसाशी याचा काही संबंध नाही. गरोदरपणी दूध-दही जास्त खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली, कोणाची नजर लागली, यांतले काहीही खरे नाही. आणि बापालाही आपण दोष द्यायचा नाही. दोष कोणाचाच नसतो, हेच तर सांगायचे आहे.

हे मी त्या घरी पुन्हा जाऊन सांगितले. या वेळी एकटी गेले नाही. पाड्यावरच्या बचत गटाच्या सात-आठ बायका बरोबर घेतल्या, आशाताईला घेतले, आणि नवरा ऊसतोडीवरून परतल्यावर गेले. बोलणे तासभर चालले. सासू गप्पच होती. शेवटी हळूच म्हणाली, तिच्या माहेरी आजोबांची एक बहीण अशीच भुरी होती, लहानपणीच गेली. घरात कोणी काही बोलले नाही. त्या दिवसापासून ‘मुकादमाचे पोर’ हा शब्द त्या घरात बंद झाला. सासूचे मन एका दिवसात बदलले असे मी म्हणत नाही, पण दुपारी मुलाला ती आपल्याजवळ बसवू लागली. इतक्या वर्षांत जी सावली मिळाली नव्हती, ती पहिल्यांदा तिथे मिळाली.

आणखी एक गंमत पाहा. गंमत कसली, कीवच आहे. लग्न जमवताना आपल्याकडे गोरी मुलगी मागतात. गोरे करणारे मलम १९७५ पासून बाजारात विकले गेले. त्या प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द निघायला २०२० साल उजाडले. पाड्यापाड्यावरच्या दुकानात दहा रुपयांची पुडी मिळते. आणि त्याच गावात खरोखर गोरे मूल जन्मले की आईला मार बसतो. रंग सावळा असो की पांढरा, जाब बाईलाच विचारायचा, असा हा न्याय आहे.

आता उन्हाचे बोलू. माझी चूक कुठे झाली ते तुम्हाला कळले तर तुमच्याकडून ती होणार नाही.

ऊन दोन तऱ्हांनी त्रास देते. एक त्याची किरणे, दुसरी उष्णता. रंगद्रव्य किरणांपासून कातडीचे रक्षण करते. ते नसले की दहा-पंधरा मिनिटांच्या कडक उन्हातही कातडी लाल होते, मग फोड येतात. हे वर्षानुवर्षे होत राहिले तर कातडी जाड होते, जखमा होतात, तरुणपणीच कातडीचा कर्करोग होऊ शकतो. उष्णता मात्र सगळ्यांनाच मारते, सावळ्या मुलालाही. घाम वाळला की अंग थंड होते. जाड किंवा नायलॉनच्या कपड्यात घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता अंगातच कोंडते. मी किरणांचा विचार केला आणि उष्णता विसरले. पत्र्याच्या घरात मूल कोंडून ठेवले तरी तीच चूक होते. किरणे लागत नाहीत, पण दुपारी ते घर भट्टी होते. मातीच्या भिंतीचे, कौलाचे किंवा गवताचे घर असेल तर दुपारी मूल तिथे ठेवा. नाहीतर दाट झाडाची सावली बरी.

कपडा सुती, सैल आणि घट्ट विणीचा हवा. पूर्ण बाह्या, पूर्ण पाय. उजेडासमोर धरला आणि आरपार दिसले, तर त्यातून किरणेही जातात. नुसती टोपी पुरत नाही, कान आणि मान उघडी राहते. चारी बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी हवी, किंवा डोक्यावरून मानेपर्यंत येणारे सुती फडके. ढग आले म्हणून निर्धास्त होऊ नका, किरणे ढगांतूनही येतात.

घड्याळ नसले तरी चालते. मुलाला उभे करा आणि त्याची सावली पाहा. सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक, तेव्हा मूल आत. सावली लांब असेल तेव्हा बाहेरची कामे. महू पहाटे गळतो, वेचायला पहाटेच जातात. तेव्हा हे मूल आईबरोबर जाऊ शकते, भावंडांसारखे टोपली घेऊन. त्याला सगळ्यातून वगळायचे नाही, वेळ बघायची.

उन्हाच्या किरणांचे मलम मिळते. एस. पी. एफ. ३० किंवा त्याहून जास्त लिहिलेले घ्यावे, बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र मलमापेक्षा सावली आणि कपडाच बरा. पण छोटी नळी काही शे रुपयांना पडते, ते मजुरी करणाऱ्या बाईला कसे परवडणार? म्हणून आधी कपडा, टोपी, वेळ आणि सावली. मलम मिळाले तर चेहरा, ओठ, कान, हात अशा झाकता न येणाऱ्या जागांसाठी. भाजलेल्या कातडीवर चुना, दंतमंजन, पाल्याचा रस लावू नका. थंड पाणी घाला. महिनाभरात न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवाच.

पाण्याचे सगळ्या मुलांसाठी सांगते. तहान लागायची वाट पाहू नका, थोडे थोडे पाजत राहा. जुलाब-उलट्या असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी नको, आईचे दूध जास्त वेळा द्या. आता हे मी सहज बोलून गेले. पण जास्त वेळा दूध द्यायचे तर आईला कामावरून उठता आले पाहिजे, आणि तिला स्वतःला प्यायला पाणी मिळाले पाहिजे. मूल बरळायला लागले, झटके आले, शुद्ध हरपली, अंग भाजत असेल, तर लगेच सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

डोळ्यांकडे आपले लक्षच जात नाही. या मुलांना उजेड सोसत नाही आणि लांबचे नीट दिसत नाही. चष्म्याने थोडी मदत होते, पण पूर्ण दिसू लागत नाही. मग शाळेत फळा दिसत नाही, आणि ‘मंद’ असा शिक्का बसतो. ज्या मुलाची गोष्ट सांगितली, तो आता शाळेत जातो. गुरुजींनी त्याला खिडकीच्या उजेडासमोर मागच्या बाकावर बसवले होते. प्रार्थना आणि कवायत उघड्या मैदानात होत असे. आई दोनदा जाऊन बोलली, कोणी ऐकले नाही. मग बायकांसह गेली तेव्हा त्याला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवले. हुशार आहे तो, पाढे पाठ आहेत. मैदानातली प्रार्थना अजून बदललेली नाही.

आता कायद्याचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी हे अपंगत्व मानले आहे. प्रमाणपत्र रंगावर नाही, दृष्टी तपासून मिळते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरले तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्यापुढे हे मूल लपवून ठेवू नका, पुढे आणा. आईला घराबाहेर काढत असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. आणि मुलावरून आईला डाकीण ठरवले, करणी केली म्हणून छळले, तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हा प्रश्न आपल्याच डोंगरातला आहे असे समजू नका. टांझानियात अशा माणसांचे अवयव जादूटोण्यासाठी तोडल्याच्या, खून केल्याच्या घटना घडल्या. तिथेही नवरे आयांना सोडून जात. त्या लोकांनी संघटना केल्या, जगापुढे बोलले. संयुक्त राष्ट्रांनी १३ जून हा दिवस २०१५ पासून या माणसांसाठी पाळायला सुरुवात केली. या विषयावर नेमलेल्या पहिल्या तज्ज्ञ, इक्पोनवोसा एरो, या नायजेरियातल्या बाई स्वतः रंगद्रव्याशिवाय जन्मलेल्या आहेत. टांझानियातल्या मोशी शहरात त्वचारोगाच्या केंद्राशी जोडून उन्हाचे मलम तयार करून ते या लोकांना मोफत वाटले जाते. तिथे होते, तर आपल्या आरोग्य केंद्रात लोह-गोळ्यांबरोबर हे मलम का नाही मागायचे?

कामाच्या जागेचे तर आपण मागतच आलो आहोत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिले होते की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायचे. किती ठिकाणी नेमली? आणि मिरचीच्या पथारीवर, ऊसतोडीच्या फडावर तर तेवढेही लिहिलेले नाही.

याच शहादा भागात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी बायकांनी दारूचे गुत्ते फोडले, मारणाऱ्या नवऱ्यांना गावापुढे जाब विचारला. तोवर मारझोड ही ‘घरातली गोष्ट’ होती. बायकांनी ती गावाची गोष्ट केली. मुलाची सावलीही अशीच घरातली गोष्ट मानली जाते. ती आईने बघायची, तिला जमले नाही तर तिचेच चुकले, असे म्हणायचे.

म्हणून जाण्याआधी चार कामे वाटून घेऊ. आपापल्या पाड्यावर असे मूल आहे का, ते पाहा. असेल तर आईला एकटीला गाठून सल्ला देऊ नका. चार बायका, आशाताई आणि मुलाचा बाप यांना एकत्र बसवा. पथारीवर, फडावर, कुठल्याही कामावर जाणाऱ्या गटाने मुकादमाकडे ताडपत्रीची सावली आणि पाण्याचा माठ मागा, सगळ्या मुलांसाठी मागा, म्हणजे कोणाचे एक मूल वेगळे पडणार नाही. शाळेत आईबरोबर दोघीजणी जा. आणि १३ जूनच्या आत आरोग्य केंद्रात मलमाची लेखी मागणी द्या, पोच घ्या.

ती आई या वर्षीही पथारीवर गेली होती. बायकांनी भांडून एका बाजूला ताडपत्री बांधून घेतली. तिच्याखाली अकरा पोरे होती, त्यांत हा एक. एक म्हातारी सांभाळायला होती, बायकांनी आपल्या मजुरीतून थोडे थोडे काढून तिला दिले. खरे तर हे पैसे ठेकेदाराने द्यायला हवेत. पुढच्या हंगामात तेच मागायचे ठरले आहे. तुमच्यापैकी कोणकोण बरोबर येणार, ते जेवणाच्या सुट्टीत मला सांगा.